करिंथ, जिल्हा नगर

आमच्या बायबलात 66 पुस्तकं आहेत, वसईकर कॅथलिकांच्या बायबलात 73. कमी असोत की जास्त, ऐन भांडणात हवं ते वचन सापडलं नाही, असं आमच्यापैकी कुणाचं झाल्याचं ऐकिवात नाही. सरकारची बाजू घ्यायची असेल तर रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय आहे. सत्ताधाऱ्यांच्या अधीन राहा, असं पौल तिथे बजावतो. सरकारवर डाफरायचं असेल तर प्रेषितांची कृत्ये, अध्याय पाचवा; देवाची आज्ञा आधी, माणसांची मागून, असा पवित्रा पेत्र तिथे भर सभेत मुख्य याजकासमोर घेतो. निवडणुका लागल्या की आमच्या मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हे दोन अध्याय कंबर कसून समोरासमोर येतात. तेरावा अध्याय पौलाने लिहिला तेव्हा रोमच्या गादीवर नीरो होता आणि परंपरा सांगते, की पुढे त्याच नीरोच्या राजवटीत पौलाचं डोकं उडवलं गेलं. एवढं आठवून तरी तेराव्यावाल्यांनी फॉरवर्ड करताना हात जरा आखडता घ्यावा, असं मला वाटतं. पण मी ते ग्रुपवर म्हणत नाही.

भांडण कुठवर आलं आहे हे मायन्यावरून कळतं. ‘सलाम’ने सुरुवात झाली असेल तर मतभेद किरकोळ. ‘प्रभूमध्ये प्रिय बंधू’ आलं की प्रकरण तापलं. आणि ‘प्रभूमध्ये अतिप्रिय व आदरणीय बंधू, आपणांस प्रेमाने सांगावेसे वाटते की’ एवढं दिसलं, की मी फोन पालथा घालते आणि भाजी निवडायला घेते.

अशा वेळी मला आधार वाटतो तो करिंथकरांस पहिल्या पत्राचा. करिंथ ग्रीसमध्ये आहे असं नकाशावाले म्हणतात. मी नगरची सून. ते गाव नगर जिल्ह्यातच कुठेतरी असणार याविषयी माझ्या मनात शंका नाही. (जिल्ह्याचं नाव 2024 साली अहिल्यानगर झालं. त्यावरूनही ग्रुपवर घनघोर झालं आणि मग दोन्ही बाजूंचे लोक ‘नगरला चाललोय’ म्हणत एकाच एसटीत बसले.) दोन बंदरांच्या मधलं, व्यापारावर फुगलेलं हे शहर. रोमनांनी ते इ.स.पू. 146 मध्ये जमीनदोस्त केलं आणि शंभरेक वर्षांनी ज्युलियस सीझरने पुन्हा वसवलं. म्हणजे सगळी वस्ती बाहेरून आलेली, जो तो आपली पत वाढवायच्या मागे. पौल तिथे दीड वर्ष राहिला, अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याबरोबर तंबू शिवून पोट भरलं, एक मंडळी उभी केली आणि निघून गेला. पुढे इसवी सन 55 च्या सुमारास, इफिसात असताना, त्याला कळलं की मागे भांडणं लागली आहेत. कळलं कुणाकडून? ख्लोवे नावाच्या बाईच्या घरच्यांकडून. पौलाने पत्राच्या सुरुवातीलाच तिचं नाव घेऊन टाकलं आहे. त्यानंतर त्या बिचारीला करिंथमध्ये किती जणी बोलत राहिल्या असतील, याचा विचार एकाही भाष्यकाराने केल्याचं मला दिसलेलं नाही.

करिंथमध्ये गट चार. एक पौलाचा, एक अपुल्लोसचा, एक केफाचा म्हणजे पेत्राचा, आणि चौथा म्हणणार, आम्ही फक्त ख्रिस्ताचे. पहिल्या तिघांशी बोलता येतं. चौथ्यापुढे देवानेही हात टेकावेत. आमच्या मंडळीतही ‘आम्ही कुठल्याच गटात नाही’ म्हणणाऱ्यांचा एक भक्कम गट आहे आणि पंचांच्या निवडणुकीत त्याचं पॅनेल दर वेळी पूर्ण असतं.

हे पत्र वाचणं म्हणजे शेजारच्या खोलीत कुणी फोनवर बोलत असताना पलीकडचा काय म्हणाला असेल ते ताडत बसणं आहे. करिंथकरांनी पौलाला आधी पत्र पाठवलं होतं, ते हरवलं. उरली ती उत्तरं. कोर्टकचेऱ्या, लग्नं, नैवेद्याचं मटण, बायकांच्या डोक्यावरचा पदर, पंगतीत कोण आधी जेवलं. जगभर ज्याला शास्त्र म्हणून मान देतात, त्याचा बराचसा भाग एका गावातल्या कटकटींचा निवाडा आहे. निवाडा तरी कसला? ‘हो की नाही, एका शब्दात सांगा’ म्हणणाऱ्या सूत्रसंचालकाने पौलाला पहिल्या जाहिरातीलाच घरी पाठवलं असतं.

प्रसादाचंच घ्या. टीव्हीवर धर्मावरून काहीही चाललेलं असो, महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती घरात पेच येतो तो दारातून आणि ताटलीत झाकून. गणेश चतुर्थीला शेजारच्या काकू उकडीचे मोदक आणतात. कळ्या नीट जुळलेल्या, वर तुपाची धार, अजून वाफ निघते आहे. खायचे की नाही? करिंथमध्ये मटणाचं हेच होतं. देवळात वाहिलेल्या जनावराचं मांस बाजारात विकायला यायचं, कुणाच्या घरच्या पानात पडायचं. पौलाने या एका प्रश्नाच्या निमित्ताने तीन अध्याय खर्ची घातले. आठव्यात तो म्हणतो, मूर्ती म्हणजे मुळात काहीच नव्हे, मग त्या अन्नाने काय बिघडतं? दहाव्यात एकदम कडक होतो, दोन मेजांवर एकाच वेळी बसता येत नाही म्हणतो. आणि त्याच दहाव्याच्या शेवटी पुन्हा सैल: बाजारात मिळतं ते चौकशी न करता घ्या, कुणी जेवायला बोलावलं तर वाढतील ते मुकाट्याने खा, फक्त कुणी मुद्दाम सांगितलं की हा नैवेद्य आहे, तर त्या सांगणाऱ्याच्या मनासाठी थांबा.

आमचे सासरे दहाव्या अध्यायाचे. ताटली दोन्ही हातांनी घेतात, काकूंची, काकांची, अमेरिकेतल्या नातवंडांची चौकशी करतात आणि मोदकाला हात लावत नाहीत. सासूबाई आठव्या अध्यायाच्या. डोळे मिटून मनातल्या मनात आभार मानतात आणि दोन खातात, सासऱ्यांच्या वाटणीचे धरून चार. एकाच पत्राच्या दोन पानांवर त्यांचा संसार इतकी वर्षं उभा आहे. आपलंच पान खरं, असं म्हणताना मी दोघांपैकी कुणालाही ऐकलेलं नाही. मोदक गार होतील ही घाई असते, तेही कारण असेल.

पौलाचा कल मात्र या दोन्ही पानांच्या पलीकडे आहे. तुझं ज्ञान बरोबर असेल, पण समोर बसलेला कोण आहे? त्याला ठेच लागणार असेल तर मी जन्मभर मटण सोडेन, इथवर तो येतो. हे वाक्य मला कळलं ते डिसेंबरात. नाताळच्या फराळाची ताटं शेजारीपाजारी जातात: करंज्या, शंकरपाळ्या, शेव, लाडू आणि केक. आता नाताळ बहुधा मार्गशीर्षाच्या आगेमागे येतो. काकूंचे गुरुवार चालू असतात, घरात घट मांडलेला असतो, अंड्याचं नावही चालत नाही. म्हणून सासूबाई दोन केक करतात. एक आमचा आणि एक दुधाचा, बिनअंड्याचा. दोन्ही डबे भाजायला बेकरीत जातात, आणि बेकरीवाल्याची गफलत होऊ नये म्हणून दुधाच्या केकच्या डब्याला सासूबाई लाल दोरा बांधतात. दोरा जळू नये म्हणून भट्टीत घालायच्या आधी तो सोडायचा आणि बाहेर काढल्यावर पुन्हा बांधायचा, हे त्या बेकरीवाल्याला दरवर्षी नव्याने समजावून सांगतात. तो केक फुगत नाही, जरा चिवट होतो. काकू तो ‘छान झालाय हो’ म्हणून खातात. दोन्हीकडून इतकी सहनशीलता मी कुठल्याही सर्वधर्म परिषदेत पाहिलेली नाही.

वर्गणीचाही तिढा असाच सुटलेला आहे. गणपती मंडळाची पोरं पावतीपुस्तक घेऊन आली की सासरे चष्मा लावून विचारायचे, ‘काय लिहिणार पावतीवर?’ पोरं गोंधळायची. मग सासरे सुचवायचे, ‘दिवाबत्ती लिहा.’ आता पोरं जिन्यातच ‘दिवाबत्ती’ लिहून वर येतात. नाताळात मंडळाची तीच दिव्यांची माळ आमच्या कमानीवर लागते, भाडं न घेता. यात कुणी कुणाचं धर्मांतर केलं, याचा छडा अजून लागायचा आहे.

तो शब्द आला की मात्र हवा बदलते. धर्मांतराविरुद्धचे कायदे जुनेच आहेत; ओरिसात 1967 मध्ये झाला, मध्य प्रदेशात 1968 मध्ये, आणि धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1977 साली दिला. आपल्या राज्यातही हा विषय निघाला, की कामाच्या ठिकाणी कुणीतरी सज्जन माणूस डबा उघडता उघडता विचारतो, ‘राग मानू नका, पण तुमच्या लोकांना खरंच पैसे मिळतात का हो?’ मी म्हणते, मिळत असतील तर माझे राहिले आहेत, कुठे अर्ज करायचा तेवढं सांगा. 1972 च्या दुष्काळात अख्ख्या महाराष्ट्राने अमेरिकेची लाल मिलो खाल्ली, वर सुकडी खाल्ली. बिघडली ती पोटं. धर्म सगळ्यांचे होते तिथेच राहिले.

हे हसण्यावारी नेता येतं, पण मला माहीत आहे की माझे पणजोबा दुष्काळातच ख्रिस्ती झाले. दुष्काळ पोटात होता आणि गावाची वेस पायात. त्यांनी भाकरीकडे पाहिलं, पाटी-पेन्सिलीकडे पाहिलं की क्रुसाकडे, ते लिहून ठेवलेलं नाही. घरात लिहिता यायला लागलं ते त्यांच्या मुलाला. ज्याला भूक लागलेली नाही, अशा माणसाने त्यांच्या श्रद्धेची शुद्धता तपासायला बसावं, हे मला पटत नाही. मग तो तपासणारा चॅनेलवर बसलेला असो की आमच्याच पहिल्या बाकावर.

पहिल्या बाकाचं नाव काढलं ते उगाच नव्हे. 1950 च्या राष्ट्रपती आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंपुरता ठेवला. 1956 मध्ये त्यात शीख आले, 1990 मध्ये बौद्ध आले, ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. धर्म बदलला तरी गाव जात विसरत नाही, असं आमचे लोक निवेदनात लिहितात, आणि ते खरं आहे. तेच लोक रविवारी ‘प्रभूच्या घरात भेदभाव नाही’ असं सांगतात, आणि सोमवारी मुलीसाठी स्थळ पाहताना विचारतात, ‘मूळचे कुठले तुम्ही?’ या प्रश्नाला गावाचं नाव सांगणारा भाबडा असतो. विचारणारा थोडा वेळ थांबतो, चहाचा घोट घेतो आणि म्हणतो, ‘नाही, त्याच्या आधी?’ गोव्यात तर हे इतकं आडून विचारावंही लागत नाही. बामण, चार्डो, शुद्र ही गणती पोर्तुगीज आले आणि गेले तरी टिकून आहे. करिंथमध्ये प्रभुभोजनाला सुखवस्तू लोक लवकर येऊन जेवून घ्यायचे आणि कामावरून उशिरा येणारे उपाशी राहायचे. अकराव्या अध्यायात पौल यावर जितका भडकलेला आहे, तितका मूर्तीच्या मटणावरही नाही. निवेदनं देणाऱ्यांनी तो अध्याय जोडपत्र म्हणून लावायला हरकत नाही.

कोर्टकचेरीबद्दल थोडक्यात. सहाव्या अध्यायात पौल विचारतो, भावाभावांचा तंटा मिटवायला तुमच्यात एकही शहाणा नाही का? त्याला अनुभव होता. करिंथमध्येच त्याला गल्लियो नावाच्या रोमन सुभेदारासमोर खेचलं होतं. हे तुमच्या धर्मातलं शब्दांचं भांडण आहे, तुम्हीच निस्तरा, म्हणून गल्लियोने सगळ्यांना हाकलून दिलं. आपली न्यायालयं फार सोशिक आहेत. ती तारीख देतात. मंडळ्यांच्या मालमत्तांचे खटले बापाकडून मुलाकडे वारसाहक्काने चालत येतात, आणि दोन्ही पक्षांचे लोक तारखेच्या दिवशी कोर्टाबाहेरच्या टपरीवर एकत्र प्रार्थना करून आत जातात. देवाने कुणाचं ऐकावं हा त्याचा प्रश्न.

चौदाव्या अध्यायापाशी आमच्या घरातल्या बायका पाय ओढायला लागतात. स्त्रियांनी सभेत गप्प राहावं, असं तिथे आहे. याच पत्रात तीन अध्याय आधी बायका सभेत प्रार्थना करतात, संदेश देतात, हे पौलाने गृहीत धरलं आहे, म्हणून विद्वान आजवर या जागेवर डोकं खाजवत आहेत. मला या ओळीशी आले की पंडिता रमाबाई आठवतात.

वादांचा अनुभव त्यांच्याइतका आमच्यात कुणाला असेल? 1883 साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. परत येऊन 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, ते पुण्याला नेलं. मुली ख्रिस्ती होतात म्हणून ‘केसरी’ तुटून पडला. 1893 मध्ये रानडे, भांडारकरांसारखे सल्लागारही बाजूला झाले. दुसरीकडे वाँटेजच्या ज्या मठात राहून बाप्तिस्मा घेतला, तिथल्या भगिनी पत्रांवर पत्रं लिहीत होत्या, की बाई ऐकत नाही, अधिकाऱ्यांपुढे मान तुकवत नाही, शिकवण जशीच्या तशी गिळत नाही. पुण्याला त्या फार ख्रिस्ती वाटत होत्या आणि वाँटेजला पुरेशा वाटत नव्हत्या. 1897 मध्ये प्लेगच्या इस्पितळात बायकांचे हाल होतात, असं वर्तमानपत्रात लिहून त्यांनी गोऱ्या सरकारलाही अंगावर घेतलं. म्हणजे तिन्ही बाजूंनी पत्रव्यवहार चालू. आणि त्या दिवसांत बाई करत काय होत्या? मध्य प्रांतातल्या दुष्काळातून उचलून आणलेल्या पोरींना केडगावात जेवू घालत होत्या, विहिरी खणून घेत होत्या.

पुढे त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. ते केडगावच्याच छापखान्यात छापलं गेलं आणि खिळे जुळवायला होत्या आश्रमातल्या मुली. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं. काल-परवापर्यंत ज्यांना सुलटं अक्षरही वाचता येत नव्हतं, त्या पोरी ते उलटं वाचून ओळी लावत होत्या. तेव्हा स्त्रियांनी गप्प राहावं ही ओळ ग्रीकमधून आणली एका बाईने आणि तिचे खिळे उभे केले पोरींनी. रमाबाईंनी ती गाळली नाही. 1922 मध्ये त्या गेल्या आणि पूर्ण बायबल 1924 साली बाहेर आलं. पौलाला हे कुठे कळत असेल तर त्याने पुन्हा एखादं पत्र लिहायला घेतलं असेल.

आमच्या मंडळीला सध्या पाळकबाई आहेत. वाचनाच्या क्रमात हा अध्याय आला, की त्या तो पूर्ण वाचतात, ती ओळही खणखणीत वाचतात, बायबल मिटतात आणि म्हणतात, ‘आता निवेदनं.’

त्याच अध्यायात वृत्तवाहिन्यांच्या कामाची एक सूचना आहे: एकेकाने बोला, दुसऱ्याला काही सुचलं तर पहिल्याने थांबा. आणि त्याआधीचा तेरावा, प्रेमाचा, तो लग्नात वाचतात. समोर नवरा-नवरी एकमेकांकडे पाहून लाजत असतात. त्यांना त्या वेळी त्याची काही गरज नसते. पौलाने तो लिहिला होता एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या माणसांसाठी. एकदा पंचांच्या बैठकीच्या सुरुवातीला वाचून पाहायला पाहिजे. प्रीती सहनशील असते इथवर गेलं तरी खूप.

गटांची भांडणं मंडळीच्या आतच असतात असं नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून 2019 मध्ये निवडले गेले, तेव्हा धर्मगुरू आणि मराठी संमेलनाचा अध्यक्ष कसा, असा गिल्ला झाला. फादर स्टीफन्सचं ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली गोव्यात राचोलला छापलं गेलं होतं. म्हणजे शंका यायला चारशे वर्षं लागली. फादरांनी ‘सुबोध बायबल’ लिहिलं, वसईची झाडं आणि विहिरी वाचवायला लोकांबरोबर रस्त्यावर उतरले, आणि 2020 च्या जानेवारीत पाठदुखी घेऊन उस्मानाबादला जाऊन अध्यक्षीय भाषण केलं. माझे सासरे प्रोटेस्टंट, कॅथलिकांविषयी दोन शब्द राखून बोलणारे. त्या दिवशी ते टीव्हीपुढे इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते.

पंधरावा अध्याय पुनरुत्थानाचा. पौलाची भाषा तिथे अशी चढते, की वाचणाऱ्याचा श्वास पुरत नाही. तो मरणालाच तोंडावर विचारतो, आता बोल. आणि सोळाव्याची पहिलीच ओळ वर्गणीची आहे. दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी ऐपतीप्रमाणे काहीतरी बाजूला टाका, यरुशलेमातल्या गरिबांसाठी. परदेशी देणग्यांच्या एफसीआरए कायद्याच्या भाषेत सांगायचं तर हा ग्रीसमधून यहूदियात जाणारा परकीय निधी. सासऱ्यांनी एका वसतिगृहाचे हिशेब पाहिले आहेत. 2020 च्या दुरुस्तीनंतर बाहेरचा पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेत उतरला पाहिजे, म्हणून नगरच्या पोरांच्या डाळ-तांदळासाठी त्यांनी दिल्लीचे फॉर्म भरले. पौल निधी स्वतः नेत नाही. तुम्ही निवडाल त्या माणसांच्या हाती देतो, बरोबर पत्र देतो, म्हणतो. सासऱ्यांच्या मते अख्ख्या पत्रात याहून आध्यात्मिक वाक्य नाही.

सासरे मंडळीचे खजिनदारही आहेत. गेल्या वार्षिक सभेत त्यांनी जमाखर्च वाचला. पुनरुत्थानावरच्या प्रवचनात डुलक्या काढणारे सगळे ताठ बसले. ‘चहापाणी’ या खात्यावर चर्चा रंगली, आणि कुठल्याच गटात नसलेल्या गटातले एक गृहस्थ उठून म्हणाले, ‘प्रभूमध्ये अतिप्रिय व आदरणीय खजिनदारसाहेब, बिल पाहायला मिळेल का?’ सासऱ्यांनी बायबल उघडलं. बिल सोळाव्या अध्यायात होतं, दुकानाच्या शिक्क्यासह.